वजन उतरल्यावर

फेब्रुवारी २०१७मध्ये इजिप्तहून एक मालवाहू विमान मुंबईत उतरलं. त्यात अलेक्झांड्रियाची ३६ वर्षांची एक महिला होती. तिचं वजन पाचशे किलोच्या घरात असल्याचं सांगितलं जात होतं, आणि वीसपेक्षा जास्त वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. विमानतळावरून ट्रकने तिला चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणलं आणि तिथे क्रेनने पलंगासकट वर चढवलं. वाहिन्यांनी ते दृश्य दिवसभर दाखवलं. तिचं नाव आज दहा जणांना विचारलं तर एखाद्याला आठवेल. क्रेन मात्र सगळ्यांना आठवते.

मार्चमध्ये तिच्यावर जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. एप्रिलमध्ये तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद सुरू झाला. वजन किती उतरलं यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईना. मेमध्ये तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथेच तिचं निधन झालं. त्या वादात कोण बरोबर होतं, हे ठरवायला मी बसलेलो नाही. त्या क्रेनने आपल्या सगळ्यांची एक गैरसमजूत मात्र पक्की करून ठेवली. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हणजे काहीतरी अचाट प्रकार, तो लाखात एखाद्यावर करायचा, आणि ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं की गोष्ट संपली, अशी ती समजूत.

खरा पेशंट असा नसतो. तो, आणि बहुतेक वेळा ती, स्वतःच्या पायांनी रिक्षातून उतरून येते. वजन एकशे दहा, एकशे वीस. गुडघे बोलायला लागलेले, साखरेच्या गोळ्या दोनाच्या चार झालेल्या, आणि रात्री घोरता घोरता मध्येच श्वास अडकतो म्हणून नवरा जागा राहतो. पोटावर चार-पाच लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतून तास-दीड तासात काम होतं. दोन-तीन दिवसांत ती घरी जाते. चांगल्या केंद्रांत या शस्त्रक्रियेने दगावण्याचं प्रमाण हजारात एक ते तीन इतकं खाली आलेलं आहे, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या जवळपास. वाहिन्यांनी दाखवावं असं यात काही नाही.

दाखवण्यासारखं जे असतं ते नंतर घडतं, आणि ते फार सावकाश घडत असल्यामुळे कॅमेऱ्यात मावत नाही.

या शस्त्रक्रियेचा उगम अपघाती आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटामध्ये लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळण्याचा प्रयोग झाला. वजन उतरलं, पण जुलाब, मुतखडे आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणं, अशी त्याची किंमत निघाली. याच सुमाराला आयोवा विद्यापीठातले शल्यविशारद एडवर्ड मेसन वेगळंच काही पाहत होते. अल्सरसाठी ज्या बायकांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, त्यांचं वजन उतरायचं आणि परत चढायचं नाही. दुसऱ्याच आजारावरच्या उपचाराचा हा दुष्परिणाम त्यांनी मुद्दाम घडवून आणायचं ठरवलं. १९६६मध्ये त्यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला आणि पुढच्या वर्षी चिकाशी इटो यांच्याबरोबर तो प्रसिद्ध केला. जठराच्या वरच्या टोकाला एक लहान पिशवी करायची आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. आज त्या पिशवीत साधारण दोन मोठे चमचे अन्न मावतं. हल्ली जास्त होणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया त्याहून सोपी आहे. तीत जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात आणि उरते एक अरुंद नळी. मुळात ही एका मोठ्या शस्त्रक्रियेची पहिली पायरी होती. अतिवजनाच्या पेशंटला एकदम सगळं झेपणार नाही म्हणून आधी एवढंच करायचं, वजन थोडं उतरलं की दुसरा टप्पा, असा बेत असे. दुसऱ्या टप्प्याची गरजच उरत नाही असे पेशंट दिसायला लागले, आणि पायरीचाच जिना झाला.

मेसन यांनी आणखी एक काम केलं, त्याची चर्चा कमी होते. १९८०च्या दशकात त्यांनी या शस्त्रक्रियांची एक नोंदवही सुरू केली. वेगवेगळ्या गावांतल्या शल्यविशारदांनी आपल्या पेशंटची माहिती त्यात पाठवायची. आपण ज्यांची पोटं बदलली त्यांचं पुढे काय झालं हे कळलं पाहिजे, इतका साधा हट्ट त्यामागे होता. तशाच हट्टाचा सगळ्यात मोठा परिणाम मला दिसतो तो एका आडगावी.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्याचा पूर्व भाग म्हणजे तंबाखूची शेतं, डुकराच्या मांसाचं बार्बेक्यू आणि साखर ओतून केलेला थंड चहा. पक्षाघाताचं प्रमाण जिथे देशात सर्वाधिक, अशा पट्ट्यात हा भाग मोडतो. तिथल्या ग्रीनव्हिल गावात काउंटीचं रुग्णालय होतं: पिट काउंटी मेमोरियल. १९७०च्या दशकात ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाचं नवं वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलं गेलं, आणि शल्यविभाग उभा करायला वॉल्टर पोरीज आले. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाला नवीन मेडिकल कॉलेज जोडतात, तसाच हा मामला. नावाजलेलं काही नाही, आणि पेशंट आजूबाजूच्या खेड्यांतले. १९८०पासून त्यांनी तिथे बायपास शस्त्रक्रिया सुरू केल्या. काही दिवसांतच वॉर्डात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. मधुमेही पेशंटची साखर वजन उतरायच्या आधीच, अगदी घरी जायच्या आत, ताळ्यावर येत होती. वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचून घेणारी माणसं टोचणं थांबवत होती.

पोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये चौदा वर्षांचा हिशेब मांडला. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी विचारलं होतं की असं होईल हे कुणाच्या मनात तरी आलं असतं का. वैद्यकीय नियतकालिकात इतका मोकळा आश्चर्योद्गार क्वचित सापडतो. एकूण ६०८ पेशंट. मधुमेह असलेल्या १४६पैकी १२१ जणांची साखर सामान्य झाली आणि तशीच राहिली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १५२पैकी १५० जण परत फिरले. सरासरी वजन शस्त्रक्रियेआधी १३८ किलो होतं. वर्षाने ते ८७वर आलं, पाच वर्षांनी थोडं चढून ९३ झालं, आणि चौदाव्या वर्षीही तिथेच होतं.

मधुमेहाचे आकडे पुढे जगभर गाजले. साखरेवर नियंत्रण ठेवणारे संदेश आतडं स्वतः धाडतं, अन्नाचा रस्ता बदलला की ते संदेश बदलतात, ही समज त्यातूनच रुजली. ‘चयापचयाची शस्त्रक्रिया’ हे नाव नंतर रूढ झालं ते मुख्यतः यामुळे. त्याच निबंधातला दुसरा एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो सहसा कुणी उद्धृत करत नाही: चौदा वर्षांनंतर ६०८पैकी ९७ टक्के पेशंटशी त्यांचा संपर्क टिकून होता.

हा आकडा किती दुर्मीळ आहे ते कळायला २०१४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी या विषयावरचे ७,३७१ अभ्यास चाळले आणि साधी चाळणी लावली: किमान दोन वर्षं पाठपुरावा हवा आणि तोवर किमान ८० टक्के पेशंटची माहिती हातात हवी. चाळणीतून उरले २९. म्हणजे हजारात चार. बाकीच्या ढिगातली माणसं कुठे गेली? कुणी गाव बदललं, कुणाचा विमा संपला, कुणाला बरं वाटत होतं म्हणून आली नाहीत. काही जण मात्र वजन पुन्हा चढलं म्हणून आले नाहीत. ज्या डॉक्टरांनी इतकी मेहनत घेतली त्यांच्यासमोर आता कुठल्या तोंडाने वजनकाट्यावर उभं राहायचं? साहजिकच जे येत राहतात ते बरे असतात, आणि निकाल त्यांचेच छापले जातात. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते तोच सगळ्यात आधी यायचा थांबतो.

त्याला परत कोण बोलावतं?

अमेरिकेत गावोगावच्या लहान रुग्णालयांत गेल्या काही दशकांत वजनाच्या शस्त्रक्रियेचे विभाग उभे राहिले. मान्यता हवी असेल तर काही अटी पाळाव्या लागतात, आणि त्यांची यादी वाचण्यासारखी आहे. ऑपरेशनचं टेबल किती वजन पेलेल हे त्यात आहेच, पण प्रतीक्षा कक्षात बिनहाताच्या रुंद खुर्च्या हव्यात, भिंतीला टांगलेला कमोड नको, जमिनीवर बसवलेला हवा, असल्या गोष्टीही आहेत. पहिल्यांदा वाचताना हे किरकोळ वाटतं. पण खुर्चीच्या दोन हातांत आपण मावणार नाही म्हणून दवाखान्यात उभ्यानेच तासभर घालवलेला माणूस डोळ्यांसमोर आणा, मग ती अट कुणाच्या अनुभवातून आली असेल ते समजतं. त्याच यादीत पेशंटच्या आधार गटाची अटही आहे: ठरलेल्या वेळी, नियमित, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली. हे गट बहुधा रुग्णालयाच्या सभागृहात महिन्यातून एकदा भरतात. शस्त्रक्रिया व्हायची असलेले, नुकतीच झालेले आणि दहा वर्षांपूर्वी झालेले, सगळे एकाच वर्तुळात. पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात कपड्यांचा रॅक असतो. महिन्या-दोन महिन्यांत माप बदलतं, दर वेळी नवे कपडे कोण घेणार? म्हणून आपला सैल झालेला शर्ट तिथे टांगायचा आणि दुसऱ्याचा आपल्याला बसेल तो घेऊन जायचा. समुपदेशनाच्या चार पुस्तकांनी होणार नाही ते काम हा रॅक करतो, असा माझा अंदाज आहे. आपण ज्या मापात येणार आहोत ते माप घालून कुणीतरी आधी हिंडलं आहे, हे तिथे हाताला लागतं.

लहान गावातल्या रुग्णालयात कामाचा दर्जा मोठ्या संस्थेइतका असतो का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर मिशिगन राज्याने दिलं. तिथली रुग्णालयं २००६पासून आपापले आकडे एकत्र ठेवतात. तिथल्या वीस शल्यविशारदांनी आपल्या एकेका बायपास शस्त्रक्रियेचं चित्रीकरण स्वखुशीने दिलं. नाव झाकून ते इतर शल्यविशारदांना दाखवलं आणि हाताला गुण द्यायला सांगितलं. निष्कर्ष २०१३मध्ये छापून आला. ज्यांना सगळ्यात कमी गुण मिळाले त्या गटाच्या पेशंटमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, आणि सगळ्यात वरच्या गटात ५.२. शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयात काम करणं आणि हाताचं कौशल्य यांचा संबंध लागला नाही. वर्षाला किती शस्त्रक्रिया करतो याचा लागला. तेव्हा पाटी बघू नये, हात बघावा. स्वतःचं काम असं परक्या नजरेखाली ठेवायला तयार झालेल्या त्या विसांचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे किती जण तयार होतील, हा प्रश्न मी नुसता नोंदवून ठेवतो.

पण कुशल हातानेही जे थांबवता येत नाही असं बरंच काही नंतर घडतं. त्यातलं एक जरा सविस्तर सांगतो, कारण घरच्यांना ते माहीत असायला हवं.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उलट्या होऊ शकतात. घाईने खाल्लं, नीट चावलं नाही, घास मोठा झाला, की उलटी. घरातले म्हणतात, ‘पोट लहान केलंय, होणारच.’ पेशंटही तेच म्हणतो. दोन आठवडे जातात, तीन जातात. शरीरात ब१ जीवनसत्त्वाचा साठा मुळातच थोड्या आठवड्यांचा असतो. पोटात काही टिकत नसेल तर तो संपतो. मग एखाद्या सकाळी पेशंटला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. घाबरून जवळच्या दवाखान्यात नेलं तर अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते. ब१ न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूची हानी आणखी वाढू शकते, आणि ती कायमची राहू शकते. वेळेत उपचार म्हणजे काय, तर आधी ब१चं इंजेक्शन. अगदी स्वस्त औषध आहे ते. पण ते वेळेत टोचलं जायला तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी फोन करून ‘उलट्या होतायत का, किती दिवस?’ असं विचारलेलं असावं लागतं. विचारणाऱ्याला उत्तराचा अर्थ कळत असावा लागतो, आणि पेशंटला आपण तक्रारखोर ठरू अशी भीती नसावी लागते. नर्स किंवा समन्वयक पदावरची एक बाई आणि एक टेलिफोन, एवढीच ती यंत्रणा असते.

ब१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची गोष्ट सावकाशीची. बायपासनंतर ही पूरकं जन्मभर घ्यावी लागतात, स्लीव्हनंतरही बहुधा घ्यावीच लागतात. पहिलं वर्ष उत्साहात जातं. तिसऱ्या वर्षी गोळ्यांची बाटली फ्रिजवर धूळ खात असते, कारण काहीच दुखत नसतं. चौथ्या-पाचव्या वर्षी थकवा, मुंग्या, हिमोग्लोबिन आठ. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात तेव्हा मात्र सगळे घाबरून फोन करतात. ते केस बहुतेकांचे परत येतात.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. पथ्याचे कागद बऱ्याचदा इंग्रजीत असतात आणि त्यावर ग्रीक योगर्ट, टर्की असले पदार्थ. पुण्या-मुंबईतल्या आहारतज्ज्ञांना ते मराठीत, मराठी जिभेसाठी नव्याने रचावं लागतं. पहिल्यांदा गाळलेलं सूप, ताकाची निवळी, मुगाच्या डाळीचं पाणी. मग घोटलेलं वरण, मऊ पनीर, अंडं. पुढे मुगाचं धिरडं, उसळ, मासा. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि वाटीभर वरणातून मिळतात सात-आठ ग्रॅम. शाकाहारी घरात हे गणित सहज सुटत नाही. पावडरचा डबा आणावा लागतो आणि ‘हे कसलं भुकटीवर जगणं’ हे सासूबाईंचं वाक्य ऐकावं लागतं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. पहिल्या घासाला गटागटा पाणी पिणाऱ्या आपल्या पंगतीत हा नियम पाळून बघा. पोळी अडकते, भाताने जागा भरते आणि हाती काही लागत नाही. बायपास झालेल्याने बासुंदी, श्रीखंड, पुरणपोळी नेहमीसारखी खाल्ली तर साखर घाईने आतड्यात उतरते, आणि अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब. अमेरिकन पुस्तकं हा त्रास केक आणि आइस्क्रीमने समजावून सांगतात. आपल्याकडे तो दिवाळीच्या ताटाने समजतो.

ताटापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे आग्रह. आपल्याकडे वाढणाऱ्याचं प्रेम ताटात मोजलं जातं, आणि नाही म्हणणं हा अपमान. ‘एवढी एकच करंजी, तुझ्यासाठी खवा घालून केलीय,’ याला शल्यशास्त्रात उत्तर नाही. शिवाय पुष्कळ जण शस्त्रक्रिया झाल्याचं सांगतच नाहीत. पित्ताशय काढलं किंवा हर्निया होता असं नातेवाइकांत सांगून टाकतात. लग्नाची मुलगी असेल तर हमखास. त्यामागे एक घट्ट बसलेली समजूत आहे: जाड असणं हा जिभेचा दोष, म्हणून ऑपरेशन करून घेणं ही पळवाट. वस्तुतः वजन उतरायला लागलं की शरीर ते परत मिळवण्यासाठी झटतं, भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये काढून टाकला जातो. निग्रहाच्या बळावर आयुष्यभर श्वास मंद ठेवायला कुणी सांगत नाही. भूक मंद ठेवायला मात्र सगळे सांगतात.

जाड म्हणजे किती, हाही आपल्याकडे वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याचा धागा पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असतो, हे एका चित्रात सांगून झालं. म्हणून पाश्चात्त्यांचे उंबरठे इथे चालत नाहीत. अमेरिकेत १९९१पासून बीएमआय ४०, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३५, ही शस्त्रक्रियेची मर्यादा होती; २०२२मध्ये ती खाली आणली गेली. आशियाई लोकांसाठी ती अडीच अंकांनी कमी, म्हणजे ३७.५ आणि ३२.५, अशी आधीपासूनच धरतात, आणि नव्या शिफारशींत २७.५पासून विचार करावा असं म्हटलं आहे. भारतीय विमा नियामकाने २०१९मध्ये ठरवलेल्या अटी मात्र जुन्या अमेरिकन मापाच्या: ४०, किंवा गंभीर सहव्याधीसह ३५. अशाने एखाद्या पेशंटला डॉक्टर ‘करा’ म्हणतात आणि विमा कंपनी ‘अजून थोडं वाढू द्या’ असं न बोलता म्हणते. हा विनोद नाही, कागदावरचा नियम आहे.

मनाकडे येऊ, कारण आधार गटात शेवटी तेच बोललं जातं. वजन उतरलं की सगळं छान होईल, या अपेक्षेने माणसं येतात आणि बऱ्याच गोष्टी छान होतातही: जिना चढता येतो, विमानात पट्टा लागतो, पाळी नियमित होते. दिवस राहण्याची शक्यता इतकी वाढते की वर्ष-दीड वर्ष काळजी घ्या असं बजावून सांगावं लागतं. पण खाणं हा काहींचा एकमेव विसावा असतो. तो काढून घेतल्यावर रिकाम्या जागेत काय येतं? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या व्यसनाचं प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ झालं, बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते हे त्यामागचं एक कारण. कॅनडात ओंटॅरिओमध्ये ८,८१५ पेशंटच्या नोंदी पाहिल्या तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्यामुळे इमर्जन्सीत यावं लागण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर दीडपट झालेलं दिसलं. स्वीडनच्या अभ्यासात तर संसारसुद्धा मोजले: ज्यांचे जोडीदार होते त्यांच्यात घटस्फोट वाढले, जे एकटे होते त्यांच्यात लग्नं वाढली. हे आकडे शस्त्रक्रियेविरुद्धचे नाहीत. स्वीडनच्याच दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी निघालं. पण पहिलं वर्ष कौतुकाचं असतं आणि दुसऱ्या वर्षापासून कौतुक थांबतं. नेमक्या त्याच वेळी तपासणीच्या तारखा विरळ होतात. हे वेळापत्रक ज्याने आखलं त्याने पेशंट पाहिला नसावा, वजनाचा आलेख पाहिला असावा.

२०२५मध्ये भारतात मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आली, आणि शस्त्रक्रियेचे दिवस भरले असं बोललं जाऊ लागलं. आतड्याच्या ज्या संदेशांचा ग्रीनव्हिलच्या वॉर्डात सुगावा लागला, त्यांचीच नक्कल ही औषधं करतात. परिणाम खरोखर मोठा आहे. परंतु वेगोवीतलं सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे इथेही प्रश्न तोच: आठव्या महिन्यात, पैसे संपल्यावर किंवा मळमळ असह्य झाल्यावर, पेशंट कुणाला सांगून थांबतो?

यात पैशाची एक साधी बाब आहे. शस्त्रक्रियेचं बिल निघतं, भूल देण्याचं निघतं, स्टेपलरचं निघतं. आधार गटाच्या बैठकीचं बिल निघत नाही, फोनचंही नाही. विमा रुग्णालयात दाखल असण्याचे पैसे देतो. पाचव्या वर्षीच्या रक्ततपासणीचे आणि आहारतज्ज्ञाच्या फीचे पेशंट स्वतः देतो. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की समन्वयकाची जागा पहिली रिकामी राहते, आणि तिचा परिणाम त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही. अमेरिकेत निदान मान्यतेच्या अटीमुळे ती जागा भरावी लागते. इथे ते त्या त्या डॉक्टरच्या इच्छेवर आहे. काही जण अतिशय नेटाने करतात. व्हॉट्सॲपवर गट आहेत, ‘सर्जरीचा वाढदिवस’ साजरा होतो, जुने पेशंट नव्यांना रात्री अकरा वाजता उत्तरं देतात. मात्र हौशीने चालणाऱ्या गटात तब्बल दोन महिने काहीच न बोललेलं माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदवहीत ते लगेच दिसतं.

ओळखीतलं कुणी या शस्त्रक्रियेचा विचार करतंय आणि तीन रुग्णालयांची पत्रकं घेऊन तुमच्याकडे सल्ल्याला आलंय, तर पत्रकावरचे आधीचे-नंतरचे फोटो बाजूला ठेवा. डॉक्टरांना विचारायला एक प्रश्न लिहून द्या: पाच वर्षांपूर्वी इथे ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांतल्या शंभरातल्या किती जणांचं आजचं वजन तुम्हाला माहीत आहे? उत्तर आकड्यात आलं, मग तो आकडा चाळीस का असेना, तर बसून पुढचं विचारायला हरकत नाही: बाकीच्या साठांना कोण फोन करतं, महिन्याची बैठक कधी असते, ऑपरेशनच्या आधी तिथे एकदा येऊन बसता येईल का. ‘आमचे सगळे पेशंट एकदम मजेत आहेत’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या रुग्णालयाचं पत्रक उघडा.